मदत हवी आहे: वेल्डिंगनंतर चेसिस वाकतेय

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरच्या कॉलेजची पोरं फॉर्म्युला स्टुडंटची (कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाडी बनवतोय, चेसिस (गाडीचा सांगाडा) 4130 क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम असलेलं स्टील) पाइपांची, इंजिन केटीएम 390 चं. जिगवर (पाइप जागेवर धरून ठेवणारा साचा) टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून ठेवलं तोवर सगळं सरळ होतं, पण फुल वेल्ड करून क्लॅम्प सोडले आणि पुढचा भाग एका बाजूला 4 मिमी सरकला. सस्पेन्शनचे ब्रॅकेट आधीच लावून बसलो होतो (हा शहाणपणा माझाच), त्यामुळे आता डावं-उजवं व्हीलबेसच (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जुळत नाहीये.

सांवेर रोडवरचे वेल्डरदादा म्हणतात गॅस कटरने गरम करून ओढून घेऊ, पण क्रोमोली तापवून भराभर गार झालं की कडक होऊन तडकतं ना, मेन हूपजवळ (ड्रायव्हरच्या मागची, गाडी उलटली तर त्याला वाचवणारी कमान) तर मी हात लावू देणार नाही. ते ब्रॅकेट कापून मोजमाप घेऊन परत लावणं बरं, की पाइपच बदलावा? आणि पुढच्या वेळी टिग वेल्डिंग करताना जॉइंटचा क्रम कसा ठेवायचा, एकदा इकडे एकदा तिकडे असा ना? पीथमपूरकडे कोणी क्रोमोलीवर काम केलेलं माहितीत असेल तर प्लीज सांगा, आम्ही पोहे-जलेबी घेऊन येतो.