सीजे ३बी: टी-९० वर नवा गिअर दांडा नीट बसत नाही

जांबोटी_रस्ता
मंडळी, गाडी सीजे ३बी जीप, पेट्रोल, तीन गिअरचा मूळ टी-९० गिअरबॉक्स. जुन्या दांड्याचं खालचं टोक झिजलं म्हणून नवा दांडा घातला. आता न्यूट्रलला मूठ आडवी तीन इंच तरी हलते. दुसरा टाकताना दांडा फ्लोअरच्या पत्र्याला घासतो. रिव्हर्समधून थेट दुसऱ्यात नेला की मध्येच अडकतो आणि मग कुठलाच गिअर पडत नाही. इंजिन बंद ठेवूनही हेच होतं, म्हणजे क्लचचा प्रश्न नाही. दांडा परत करू की यालाच बसता करू?

उद्यमबाग_लेथ
आधी दांडा टी-९० चाच आहे का ते बघा. काउंटरवर नुसतं "जीपचा दांडा" म्हटलं की चार गिअरच्या एमएम ५४० जीपचाही हातात येतो. जुना आणि नवा शेजारी ठेवून तीन मापं घ्या: दांडा ज्यावर डुलतो त्या गोळ्याचा व्यास, गोळ्याच्या मध्यापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी, टोकाची जाडी. लांबीत २ मिमी कमी भरली तरी टोक रेलच्या (गिअर सरकवणाऱ्या बॉक्समधल्या सळईच्या) खाचेत पुरतं उतरत नाही. तुमचं अडकणं बहुतेक त्यामुळेच. पहिला-रिव्हर्स एका रेलवर, दुसरा-तिसरा दुसऱ्या. टोक आखूड किंवा बारीक असलं की पहिली रेल न्यूट्रलला पूर्ण यायच्या आतच ते खाचेतून निसटतं. मग मधला इंटरलॉक दुसऱ्या रेलला हलू देत नाही. तो त्याचं काम बरोबर करतोय, दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणूनच तो आहे. अशा वेळी दांड्यावर जोर लावू नका, फोर्क (रेलवरचा, गिअर सरकवणारा काटा) वाकतो.

सोडवायला: गाडी सपाटीवर, चाकांना दगड, हाय-लोचा (ट्रान्सफर केसचा, शेजारचा छोटा) दांडा न्यूट्रलला. फ्लोअरचा पत्रा काढा, बॉक्सच्या वरच्या झाकणाचे बोल्ट सोडून झाकण सरळ वर उचला. रेल आणि फोर्क झाकणाबरोबरच येतात. स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही रेल न्यूट्रलला आणा. उघड्या बॉक्सवर लगेच स्वच्छ फडकं टाका.

आता टोक खाचेत धरून बघा. फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) एकूण फट अर्धा मिमीच्या आसपास असली तर ठीक. जास्त असेल तर टोकावर वेल्डिंगचा भर घाला, आपोआप गार होऊ द्या (पाण्यात बुडवू नका, ठिसूळ होतं), मग कानशीनं थोडं थोडं उतरवत खाचेला जुळवा. गोळ्यावर मात्र हातानं भर घालून कानस मारू नका. तो गोल राहिला नाही तर दांडा एका बाजूला घट्ट, एका बाजूला सैल होतो. ते काम लेथवरचं. गोळा फिरू न देणारी आडवी पिन आणि तिची खाच हीसुद्धा बघा, मूठ स्वतःभोवती फिरत असेल तर झीज तिथेच आहे. गोळा दाबून धरणारी स्प्रिंग नवीच घाला.

झाकण बसवताना बॉक्समधली सिंक्रोची (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या भागाची) स्लीव्ह आणि सरकता गिअर दोन्ही न्यूट्रलला ठेवून फोर्क त्यांच्या खोबणीत बसवा. पॅकिंग नवं. बोल्ट आळीपाळीनं आवळा.

निपाणी_३बी
पत्र्याला लागतो म्हणून पत्रा कापू नका, दांडाही लगेच वाकवू नका. पुढची इंजिन माउंटिंगं आणि बॉक्सखालचं क्रॉसमेंबरवरचं रबर बघा की आधी. ते बसलं की सगळा बॉक्स कलतो आणि चांगला दांडासुद्धा भोकाच्या काठाला लागतो. रबर ठीक असूनही लागत असेल तरच दांडा काढून, गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून, वरचा भाग लालबुंद करून वाकवा.

जांबोटी_रस्ता
मोजलं. गोळा सारखा, पण टोक ३ मिमीनं आखूड. बॉक्सखालचं रबर तेलानं फुगून फाटलंय. रबर बदलतो, टोकाला भर घालून घेतो. झाकण उघडतोच आहे, तर आणखी काय बघू?

चोर्ला_उतार
रेल जागेवर धरून ठेवणाऱ्या पॉपेट स्प्रिंगा आणि त्यांच्या छोट्या गोळ्या बाहेर काढून बघा. स्प्रिंग दबली असेल किंवा रेलवरची खाच गोल झाली असेल तर उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर आपोआप सुटतो. टी-९० चं हे जुनं दुखणं आहे. चोर्ला किंवा अनमोड घाटात इंजिनच्या ब्रेकवर उतरताना असं झालं तर गाडी एकदम मोकळी सुटते, म्हणून याकडे दुर्लक्ष नको. स्प्रिंगा बदलूनही सुटत राहिला तर दोष दांड्यात नाही, मेनशाफ्टची (गिअर ज्यावर बसतात त्या मुख्य आसाची) मागे-पुढे हालचाल किंवा सिंक्रोची स्लीव्ह तपासा, त्याला बॉक्स खाली उतरवावाच लागतो.

तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. खानापूरकडच्या पावसात फाटक्या रबर बूटमधून दांड्यावाटे पाणी उतरतं. बूट बदला, तेल ९० नंबरचं पण जीएल-४ दर्जाचं घ्या, जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगा खातात. लेव्हल प्लगच्या भोकापर्यंतच भरा.