गेमिंगसाठी टीव्ही: ओएलईडी घ्यावा की एलसीडी?

अर्धाडाव:
घरात पीएस५ (प्लेस्टेशन ५ कन्सोल) आहे पण टीव्ही जुना, ६० हर्ट्झवाला (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) एलसीडी. आता नवीन घ्यायचाय, ५५ इंची, आणि गेले पंधरा दिवस वाचून वाचून डोकं नुसतं भंजाळलंय. एक मित्र म्हणतो डोळे मिटून ओएलईडी घे, दुसरा म्हणतो स्क्रीनवर डाग पडतील मग बस रडत. टीव्ही हॉलमध्ये असतो, समोरच मोठी खिडकी, दुपारी चांगलंच ऊन येतं. मी खेळतो रात्रीच, फुटबॉल आणि एखादा शूटर, पण दिवसभर घरचे न्यूज चॅनेल लावून ठेवतात, कुणी बघत असो वा नसो. आणि हो, क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीचाच भाऊ का?

जुनाजॉयस्टिक:
भाऊबिऊ काही नाही, क्यूएलईडी हा सरळ एलसीडी. मागे बॅकलाइट असतोच, फक्त मधे क्वांटम डॉट्स (अतिसूक्ष्म कण) टाकून रंग सुधारलेले असतात. ओएलईडीत बॅकलाइट नाहीच, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा म्हणजे ठार काळा.

पण गेमिंगमध्ये खरी मजा वेगाची आहे. ओएलईडीचा पिक्सेल साधारण ०.१ मिलिसेकंदात रंग बदलतो, एलसीडीला त्यालाच काही मिलिसेकंद लागतात, आणि १२० हर्ट्झला एक फ्रेम मुळात असतेच ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे आधीचं चित्र पुरतं पुसायच्या आत पुढचं येऊन उभं. व्हीए पॅनेलवर (एलसीडीचाच एक प्रकार) अंधाऱ्या बोगद्यात कॅमेरा गर्रकन फिरवून बघा, खांबांच्या मागे काळपट शेपटी घासत येते. एकदा दिसली की मग दिसतच राहते :) उलट ३० एफपीएसचे (सेकंदाला ३० फ्रेमचे) गेम ओएलईडीवर जरा जास्तच अडखळल्यासारखे वाटतात कारण झाकायला तो ब्लर नसतो, हेही सांगून ठेवतो.

पोळलेला:
वरचं सगळं खरं, पण माझी कहाणी ऐका. ओएलईडी घेतला, एकच गेम रोज चार-पाच तास, डाव्या कोपऱ्यात लाल हेल्थ बार. तिसऱ्या वर्षी फुटबॉल लावला तर हिरव्या मैदानावर त्या पट्टीची मळकट सावली, अगदी आकडा लिहायची जागासुद्धा ओळखू येत होती. यात माझीही चूक होती म्हणा. मी रोज झोपताना भिंतीवरचं बटणच बंद करायचो. ओएलईडी रिमोटने बंद केला की स्टँडबायमध्ये आपला आपण पिक्सेलची दुरुस्ती चालवतो, तिला वीज लागते, ती मी कधी मिळूच दिली नाही. तुमच्याकडे न्यूजची पट्टी आणि लोगो दिवसभर, त्यात तुमच्या फुटबॉलचा स्कोअरबोर्ड. मी तर नको म्हणेन.

काळापडदा:
@पोळलेला नवीन पॅनेल बरेच सुधारलेत हो, लोगो आपोआप मंद करतात, पिक्सेल थोडे इकडेतिकडे सरकवतात. वेगवेगळे गेम खेळणाऱ्याने एवढं घाबरायचं कारण नाही. पण दिवसभर न्यूज म्हटल्यावर मीही गप्प.

अर्धाडाव, तुमच्यासाठी मिनी एलईडी बघा. तोही एलसीडीच, पण बॅकलाइटचे शेकडो झोन वेगवेगळे मंद होतात. उजेडाला तोड नाही, ऊन असलं तरी चित्र टिकतं, आणि बर्फाचा पांढराशुभ्र सीन आला तर ओएलईडी जसा सगळा स्क्रीन मंद करतो तसं इथे फारसं जाणवत नाही. खोट एवढीच की काळ्या आकाशात चंद्र असला तर भोवती धुरकट वलय दिसतं. आणि एक मेख आहे, काही मॉडेलमध्ये गेम मोड लावला की लॅग (बटण दाबल्यावर स्क्रीनवर दिसायला लागणारा उशीर) कमी व्हावा म्हणून झोनचं काम ढिलं पडतं, सिनेमात झकास दिसणारा काळा गेममध्ये राखाडी. त्यामुळे घ्यायच्या आधी गेम मोड लावूनच बघा, डेमो व्हिडिओवर भाळू नका.

जुनाजॉयस्टिक:
आणि पोर्ट तपासा! बॉक्सवर एचडीएमआय २.१ लिहिलं म्हणजे ४के १२० हर्ट्झ मिळेलच असं नाही, त्यातल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत. ४के १२० आणि व्हीआरआर (टीव्हीने आपला वेग गेमच्या फ्रेमशी जुळवून घेणं) दोन्ही स्पष्ट लिहिलेलं हवं. कित्येक टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट तसे असतात, आणि त्यातलाच एक ईआर्कचा (साउंडबारला आवाज पाठवणारा), म्हणजे साउंडबार लावला की कन्सोलला उरला एक.

अर्धाडाव:
सगळ्यांचे आभार राव. घरच्यांना म्हटलं न्यूज जरा कमी लावा, तर म्हणे तू गेम कमी खेळ. विषय संपला, मिनी एलईडी. फक्त एक, मित्र शेजारी बसून खेळतो त्याला बाजूने फिकं दिसेल का?

काळापडदा:
व्हीए असेल तर दिसेल थोडं. तुम्ही मधे बसा, हरला तर त्याला कारणही मिळेल 😄