उत्तर: पाणी ओसरलं म्हणजे नुकसान संपलं?

गोव्यातल्या जुलै 2021च्या पुराबद्दल एकानं लिहिलंय की सत्तरी-डिचोलीत घरं पडली, पंचनामे झाले, भरपाई मिळाली आणि विषय मिटला. घरांपुरतं ते खरं असेल, पण खाजन शेतीचा, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचा, हिशेब असा मिटत नाही. मांडवीकाठच्या आमच्या गावात बांधाला खांड (भगदाड) पडलं तेव्हा नदीचं पाणी दोन दिवसांत उतरलं, पण खांड बुजवेपर्यंत प्रत्येक भरतीला खारं पाणी शेतात शिरत राहिलं. जमिनीतलं मीठ पावसानंच धुवायचं. आमच्या शेतात लागोपाठ दोन पावसाळे काही पिकलं नाही. खारं पाणी सोसणारं कोरगुट भात पूर्वी घरोघरी असायचं, आता त्याचं बियाणंही शेजाऱ्याकडे मागावं लागतं. पंचनाम्यात मात्र एकाच हंगामाचं पीक लिहिलं गेलं.

आणि बांध बांधायचा कोणी? पूर्वी गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, ते बघायची. 1964च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली. निम्मी घरं शेती सोडून नोकरीला लागलेली, मग मानशीचं (बांधातल्या, पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेचं) कुजलेलं दार बदलायलाही माणसं जमत नाहीत. माझी आई अजून प्रत्येक अमावास्या-पुनवेच्या भरतीला बांधावर जाऊन बघून येते.