'काइजू'ला मराठीत काय म्हणावं? (आणि दुसऱ्या भागाने जे केलं त्याला?)

प्रश्न
'पॅसिफिक रिम' या चित्रपटाच्या दोन्ही भागांवर लिहायला बसलोय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. काइजूसाठी 'राक्षस' लिहिलं, खोडलं. 'महाकाय प्राणी' लिहिलं तर भूगोलाचा धडा वाटायला लागला. पहिल्या भागाच्या (२०१३) सुरुवातीला पडद्यावरच अर्थ दिलाय: काइजू म्हणजे जपानीत अवाढव्य पशू, येगर, म्हणजे त्यांच्याशी लढणारे माणसांनी चालवलेले महाकाय यंत्रमानव, जर्मनमध्ये शिकारी. मग 'अजस्र पशू' चालेल का? शिवाय दुसरा भाग, 'अपरायझिंग' (२०१८) पाहून जे वाटलं ते निराशा, अपेक्षाभंग की भ्रमनिरास?

प्रतिसाद
'राक्षस' खोडलात ते बरं केलंत. आपल्या राक्षसाला नाव असतं, कुळ असतं, कुणीतरी दिलेला वर असतो. तो भांडतो, वाद घालतो, प्रसंगी विद्वानही असतो. काइजू बोलत नाही, मागत नाही. या चित्रपटांत तर ती कुणीतरी पलीकडे बसून तयार केलेली हत्यारं आहेत.

'अजस्र'ची मात्र गंमत आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'अखंड, न थांबणारा'. मराठीत येऊन तो 'प्रचंड' झाला. समुद्रतळाच्या भेगेतून एकामागून एक येतच राहणाऱ्या या प्राण्यांना मूळ अर्थच जास्त शोभतो!

प्रतिसाद
पडद्यावरचा अर्थ सोयीपुरता आहे हो. 'काइ' म्हणजे विचित्र, गूढ, आणि 'जू' म्हणजे पशू. आकाराचा त्यात उल्लेखच नाही. मोठा म्हणायचाच असेल तर जपानीत पुढे 'दाइ' लावून 'दाइकाइजू' म्हणतात.

मला वाटतं दुसऱ्या भागाबद्दल चाहत्यांची सगळी तक्रार 'काइ' या एका शब्दात आहे. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली, त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिग्दर्शक इशिरो होंडांचा 'गोजिरा', म्हणजे 'गॉडझिला', हा चित्रपट आला. नावसुद्धा गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, यांची मोडतोड करून बनवलेलं. कुठल्याच ओळखीच्या खणात न बसणारं काहीतरी, हे त्याचं 'काइ'. 'पॅसिफिक रिम'च्या पहिल्या भागाचे दिग्दर्शक देल तोरो यांना हे ठाऊक होतं, म्हणून तो भाग त्यांनी होंडा आणि पडद्यावरच्या अजब प्राण्यांचे जादूगार रे हॅरीहाउझेन यांना अर्पण केला. दुसऱ्या भागात शेवटी काय होतं? तीन काइजू एकमेकांना शिवून त्यांचा एक मोठा काइजू करतात. आकार वाढवला, 'काइ' गेलं.

प्रतिसाद
धूड.

प्रश्नकर्ता
एवढंच? जरा उलगडून सांगा की.

प्रतिसाद
'केवढं धूड आहे!' आपण हत्तीला म्हणतो, अजगराला म्हणतो, वाटेत आडव्या पडलेल्या खोडालाही म्हणतो. 'अवाढव्य', 'भव्य', 'विशाल' हे शब्द डोळ्यांनी मोजलेले आहेत. 'धूड' म्हटलं की वजन आलं, ते हलवायला लागणारे कष्ट आले.

पहिल्या भागाची जादू त्या वजनातच होती. रात्र, पाऊस, समुद्र. येगरने पाय उचलला की अंगावरून पाणी निथळून खाली पोचायला वेळ लागायचा. हाँगकाँगच्या रस्त्यावर जिप्सी डेंजर नावाची येगर एक अख्खं जहाज सोट्यासारखं फरफटत आणते तेव्हा ते जड आहे हे आपल्या खांद्यांना कळतं. 'अपरायझिंग'मध्ये लख्ख उन्हात तेच येगर कोलांट्या मारतात. धुडाचं खेळणं झालं, बाकी काही नाही.

प्रतिसाद
एवढंही वाईट नव्हतं हो. शास्त्रज्ञ न्यूट खलनायक निघाला म्हणून लोक चिडले, पण पहिल्या भागात तो काइजूच्या मेंदूशी स्वतःचा मेंदू जोडतो, तेव्हाच ते बी पेरलं गेलं होतं. मला ते वळण आवडलं. खटकलं ते पहिल्या भागाची नायिका माको मोरी हिला सुरुवातीलाच मारून टाकणं. त्याला मात्र निराशा म्हणणार नाही. तो हिरमोड. आपण हौसेने जवळ जावं आणि समोरच्याने लक्षच देऊ नये, तसा.

प्रतिसाद
आधीच्यांचा 'हिरमोड' पटला. आता 'भ्रमनिरास'. बरेच जण 'भ्रमनिराशा' लिहितात, ते चूक. यातला 'निरास' म्हणजे निवारण, दूर करणं. भ्रमाचा निरास झाला तर खरं म्हणजे आनंद व्हायला हवा! आपण तो दुःखाच्या जागी वापरतो, आणि ते आता रुळलंय, तक्रार नाही. पण पहिल्या भागाबद्दलची तुमची आवड हा भ्रम नव्हता ना? मग 'अपेक्षाभंग' लिहा.

आणि कृपा करून सीक्वेलला 'उत्तरार्ध' म्हणू नका. अर्ध व्हायला आधी एक पूर्ण लागतं. पहिला भाग भेग बुजवून संपला होता, अर्धवट नव्हता. 'पुढचा भाग' पुरे. चिडून लिहायचं असेल तर 'शेपूट'.

प्रतिसाद
'गल्लाभरू' कसा वाटतो? यश पाहून घाईघाईने उरकलेला पुढचा भाग ही काही आजची गोष्ट नाही. खुद्द 'गोजिरा'चा दुसरा भाग सहा महिन्यांच्या आत, एप्रिल १९५५ मध्ये आला, दिग्दर्शक वेगळा. अणुबॉम्बची छाया विरली, दोन काइजूंची कुस्ती उरली. त्यानंतर गोजिरा पडद्यावर परतला तो थेट १९६२ मध्ये. अमेरिकेत तर तो दुसरा भाग १९५९ मध्ये लावताना गोजिराचं नावच बदलून 'जायगँटिस' ('जायंट'वरून) केलं. शब्दांवर चर्चा चाललीये म्हणून सांगतो, तिथेही उरलं ते 'प्रचंड' आणि हरवलं ते 'विचित्र'.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. पहिलं वाक्य ठरलं: 'भेगेतून एक धूड वर आलं.' काइजू हा शब्द तसाच ठेवतो, पण दुसऱ्या वाक्यात. 'गल्लाभरू'सुद्धा घेतला. एकच शंका राहिली, 'तो काइजू' की 'ते काइजू'?

प्रतिसाद
लाडू, साधू यांच्यासारखा 'तो'. एक काइजू, दोन काइजू, 'काइजूंनी' वगैरे.

प्रतिसाद
पण पहिल्या भागातली 'ओताची' नावाची काइजू गाभण असते! 'तो गाभण होता' लिहिणार का?

प्रतिसाद
मग 'ती काइजू'. जळूसारखी. अनेकवचन जळवा, तसं काइजवा.

प्रश्नकर्ता
काइजवा! राव, हे मी वापरणार.