सिएनाचा पालिओ: परंपरा म्हणून किती काळ चालू द्यायचा?

वाटसरू:
इटलीतल्या सिएना शहरातल्या ‘पालिओ’ या घोड्यांच्या शर्यतीवर बंदी आणा, असं प्राणीप्रेमी संघटना सतत म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. २ जुलै आणि १६ ऑगस्टला पियात्सा देल काम्पो या शहराच्या मुख्य चौकात माती अंथरून तीन फेऱ्यांची शर्यत होते आणि सव्वा-दीड मिनिटात संपते. पण ज्यांच्यासाठी ती होते, त्या सतरा आळ्या (तिथे त्यांना कोन्त्रादे म्हणतात) वर्षभर नांदत्या असतात. प्रत्येकीचं चर्च वेगळं, संग्रहालय वेगळं, कारंजं वेगळं. त्याच कारंज्यावर मुलांना आळीत घेतात. १५५५ मध्ये सिएनाचं प्रजासत्ताक बुडालं आणि पुढे फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याचा अंमल आला, तरी आळीचा कारभार लोकांनी सोडला नाही. बक्षीस काय, तर एक रंगवलेला रेशमी पट. त्यासाठी म्हातारी माणसं ढसाढसा रडतात.

चिकित्सक:
कारभार सोडला नाही म्हणता, पण आळ्यांच्या हद्दी १७२९ मध्ये कोणी आखल्या? मेदिचींच्या घरची सून, सिएनाची गव्हर्नर व्हिओलांते बेआत्रिचे हिने. सत्ता गेलेल्या शहराला सत्ताधाऱ्यांनी आपसात झुंजायला रिंगण दिलं, असंही म्हणता येतं.

वाटसरू:
हद्दी तिने आखल्या, आळ्या त्याआधीच्या आहेत.

मुकी_जनावरं:
इतिहास राहू द्या. घोडे चिठ्ठ्या टाकून वाटतात, जॉकी पैसे मोजून बाहेरून आणतात. म्हणजे धावणाऱ्यांतलं कुणीच त्या आळीचं नाही! २० ऑक्टोबर २०१८ च्या खास शर्यतीत जिराफ आळीचा राओल पाय मोडून पडला, त्याला मारावं लागलं. जिंकला कासव आळीचा रेमोरेक्स, तोही स्वार खाली पडल्यावर एकटाच पळून. शर्यतीआधी घोड्याला आळीच्या चर्चमध्ये नेऊन पाद्री म्हणतो, ‘जा आणि जिंकून परत ये.’ राओल परत आला नाही.

वाटसरू:
राओलचं वाईट वाटतंच. पण चिठ्ठी आहे म्हणूनच श्रीमंत आळीला चांगला घोडा विकत घेता येत नाही, हे लक्षात घ्या. घोडा एकदा वाट्याला आला की तबेल्यात रात्रंदिवस त्याच्याजवळ माणूस असतो. शिवाय आता अस्सल थरोब्रेड घोडे चालत नाहीत, संकरितच लागतात, आणि पशुवैद्यांच्या तपासणीत नापास झालेला घोडा बाद होतो.

मुकी_जनावरं:
हे नियम २०१८ च्या आधीचेच आहेत, तरी राओल गेला. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये शर्यत झालीच नाही, म्हणून आळ्या मोडल्या का?

चिकित्सक:
नाही मोडल्या. पण बंद पडलेली शर्यत पुन्हा होणार, ही आशा होती. कायमची बंदी आली तर ती आशाच जाते, म्हणून मी बंदीच्या विरोधात आहे. चाबूक मात्र काढून घ्या. सुकवलेल्या बैलाच्या अवयवाचा तो ‘नेर्बो’ घोड्यावर आणि शेजारच्या स्वारावरही ओढतात, आणि नियमात ते बसतं. याचं समर्थन मला कुठल्याच इतिहासात सापडत नाही.

मुकी_जनावरं:
चाबूक गेला तरी चौकातलं सान मार्तिनोचं उतरतं, काटकोनी वळण राहणारच. तिथे भिंतीला गाद्या लावाव्या लागतात. वळण बदला, नाहीतर घोडे काढा. यापेक्षा कमी मला मान्य नाही.