ल्युकेमियाच्या उपचारांत दोन्ही खुब्यांचे हाड बिघडले : 14 वर्षांच्या मुलासाठी कुबड्या घ्याव्यात की व्हीलचेअर?

सातारची_आई
नमस्कार. माझ्या मुलाच्या एएलएलचे (ल्युकेमियाचा म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) निदान होऊन दीड वर्ष झाले असून सध्या मेन्टेनन्स (आजार उलटू नये म्हणून चालणारा उपचारांचा लांब टप्पा) चालू आहे. दोन महिने तो गुडघा दुखतो म्हणत होता आणि एक्स-रे स्वच्छ आल्यामुळे आम्ही निर्धास्त राहिलो. एमआरआय केल्यावर दोष गुडघ्यात नसून दोन्ही खुब्यांत असल्याचे, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मृत झाल्याचे (एव्हीएन) कळले. मांडीच्या हाडाचा गोळा अजून खचलेला नाही. डॉक्टरांनी खुब्यांवरचा भार कमी करायला आणि उकिडवे बसणे बंद करायला सांगितले आहे. आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे, संडास भारतीय पद्धतीचा आहे आणि त्याचा नववीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. माझ्याजवळ यासाठी एकूण 8000 रुपये आहेत. काय घ्यावे?

कोथरूडचा_बाबा
ताई, व्हीलचेअरच घ्या आणि चांगलीच घ्या. आम्ही मुलीसाठी 26,000 रुपयांची घेतली, ती तीन वर्षे एकदाही कुरकुरली नाही. स्वस्तातल्या खुर्चीची पुढची चाके लवकर अडकतात. वर्षभर शाळा घरूनच करा, कारण गर्दीतला एक धक्का महागात पडेल.

नाशिक_३७
व्हीलचेअरशी सहमत आहे, पण त्याआधी गादी बदला. आमच्या सात वर्षांच्या मुलाची पाठ दुखत होती, ती आम्ही दप्तरावर ढकलली. ल्युकेमियाचे निदान झाले तेव्हा दोन मणके दबलेले निघाले. कॅनडात 186 मुलांच्या अभ्यासात निदानाच्याच सुमारास 16 टक्के मुलांचे मणके असे दबलेले आढळले होते, म्हणजे हाडांचे नुकसान केवळ औषधांनी होते असे नाही. आमची गादी 19,000 रुपयांना पडली आणि मुलगा त्यानंतर शांत झोपू लागला.

अन्नपूर्णा_मावशी
मुळावर घाव घाला. हे सगळे स्टिरॉइडमुळे होते, तेव्हा ते बंद करायला सांगा आणि नाचणी, तीळ व पायाचे सूप सुरू करा. माझ्या भाच्याचे मोडलेले हाड त्यानेच सांधले.

खुबा_बदललेला
मावशी, आपला हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कृपया कोणी पाळू नये. मोडलेले हाड सांधणे वेगळे आणि रक्त न मिळाल्याने मेलेले हाड वेगळे. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड म्हणजे ल्युकेमियाच्या पेशी मारणारी मुख्य औषधे आहेत. ती आपल्या मनाने थांबवली तर आजार उलटू शकतो. दहा वर्षांवरील मुलांना स्टिरॉइडमुळे हाड मरण्याचा धोका जास्त असतो, म्हणून काही उपचारपद्धतींत त्यांना डेक्सामेथासोन सलग न देता एक आठवडा सोडून देतात. मेन्टेनन्समधल्या स्टिरॉइडच्या पुढच्या फेऱ्यांचे काय करायचे, हे कर्करोगतज्ज्ञांनाच विचारा.

मला सोळाव्या वर्षी हे झाले. दुखत असूनही मी क्रिकेट खेळत राहिलो, कारण एक्स-रे चांगला होता आणि मला कोणी थांबवले नाही. गोळा खचला आणि एकविसाव्या वर्षी खुबा बदलावा लागला. आपल्या मुलाचा गोळा अजून शाबूत आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे.

अन्नपूर्णा_मावशी
नाचणीने अपाय तर होणार नाही ना?

फिजिओ_मिरज
नाचणी जरूर द्यावी. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणीही करून घ्यावी. मात्र त्याने खुब्यातला मृत भाग जिवंत होत नाही.

मूळ प्रश्नाकडे येते. दोन्ही खुबे बाधित असताना एकच काठी पुरणार नाही, कोपराच्या कुबड्यांची जोडी घ्या. काखेतल्या कुबड्यांवर मुले लोंबकळतात, त्यामुळे काखेतली नस दबते, शिवाय केमोत प्लेटलेट कमी असतील तर तिथे काळेनिळे होते. हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यावी, आणि खालचे रबर झिजले की लगेच बदलावे. संडासासाठी कमोडची खुर्ची घ्या, कारण उकिडवे बसणे चुकवायचे असेल तर ती सर्वांत आधी लागते. पूर्ण वेळ खुर्चीत बसवून ठेवल्याने स्नायू आणि हाडे आणखी दुबळी होतात. त्यामुळे व्हीलचेअर हवीच असेल तर लांबच्या अंतरापुरती भाड्याने आणा.

कोथरूडचा_बाबा
भाड्याच्या खुर्चीची स्वच्छता कोण पाहणार? या मुलांना संसर्गाची भीती असते. मी अजूनही नवीनच घ्या म्हणेन.

नाशिक_३७
आमच्या मुलाला झोलेड्रोनिक ॲसिडचे (हाडांची झीज रोखणारे औषध) इंजेक्शन दिले होते, त्याचेही विचारा. आधी दात तपासून घेतले होते आणि पहिल्या डोसनंतर ताप आला होता. गादीचे मात्र विसरू नका.

सातारची_आई
सर्वांचे आभार. व्हीलचेअर घेतली नाही, भाड्यानेही नाही, आणि गादीही घेतली नाही. कोपराच्या कुबड्यांची जोडी आणि कमोडची खुर्ची मिळून 3,600 रुपये लागले. उरलेल्या पैशांत दोन महिन्यांची रिक्षा ठरवली आहे, कारण शाळा घरूनच करण्याचा सल्ला इथे मिळाला असला तरी मुलाला शाळेत जायचे आहे, आणि रक्तातील पेशींची संख्या पाहून डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. मुख्याध्यापकांनी नववीचा वर्ग तळमजल्यावर आणला. त्याला एक पैसा लागला नाही, केवळ एमआरआयचा अहवाल घेऊन जाऊन भेटावे लागले. घराचा जिना तो कठड्याला धरून दिवसातून एकदाच उतरतो आणि एकदाच चढतो. इंजेक्शनविषयी सोमवारी विचारणार आहे.