मदत हवी आहे: फिरत्या सीटचं लॉक आणि पेटंट

नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या आमच्या वर्कशॉपात भावाने व्हॅनसाठी दाराकडे ९० अंश वळणारी सीट बनवली आहे, गुडघेदुखीच्या माणसांना चढ-उतार सोपी व्हावी म्हणून. वळते छान. अडचण लॉकची. स्प्रिंगची पिन भोकात बसते, पण थोडा खेळ राहतो आणि ब्रेक मारला की सीट खडखडते. पिनला टेपर (टोकाकडे निमुळता आकार) द्यावा की दातेरी पट्टी लावावी? बेल्ट सीटलाच जोडलाय, त्यामुळे धडकेत सगळा ताण याच सांध्यावर येणार. इथे तडजोड नको.

गोव्याचे पेटंट अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तोवर फोटो टाकत नाही, राग मानू नका. मडगाव-फोंड्याकडे यांत्रिक कामाची जाण असलेला पेटंट एजंट कुणाच्या माहितीत आहे का? पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत सीटची चाचणी कुणी करून घेतली असेल तर तोही अनुभव कृपया सांगा.